खोक्यावर ४०० लिहिलंय, डोंगरात ५० पुरले

हा डोक्याला बांधायचा हेडलॅम्प घेऊन आठ महिने झाले. पण रिव्ह्यू मी एकाच दिवसाचा लिहिणार आहे, कारण बाकीच्या वेळी तो तंबूत बॅग उपसताना नाहीतर माळ्यावर काहीतरी शोधताना वापरलाय आणि तेवढ्याला कुठलाही दिवा चालतो, मोबाइलचासुद्धा. त्या एका दिवशी मात्र मी एकटीच होते, शरद ऋतू संपत आलेला, जाऊन-येऊन ३२ किलोमीटर, चढाई १७०० मीटर, आणि पहाटे साडेचार ते रात्री साडेआठ यातले सव्वाचार-साडेचार तास अंधाराचे. तेवढा वेळ मी आणि हा दिवा, तिसरं कोणी नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, याच अंगाचे आणि याच आकड्यांचे हेडलॅम्प बऱ्याच जणांचे मिळतात आणि मी जे सांगणारे ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

आधी खोक्यावरचं सांगते. ४०० ल्युमेन (दिवा एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप), चार पायऱ्या (४००, १५०, ५० आणि ६), वेगळा लाल दिवा, स्ट्रोब म्हणजे भकभकणारा दिवा, आतच बसवलेली लिथियम-आयन बॅटरी, टाइप-सी चार्जिंग, वजन पट्ट्यासकट ८५ ग्रॅम, पाण्यासाठी आयपीएक्स४. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी पाणी उडालं तरी चालेल एवढंच, ओढ्यात पडला तर त्याची जबाबदारी कोणी घेत नाही, बुडवायचा असेल तर आयपीएक्स७ बघा.

मी घेतला तो अर्थातच ४०० बघून. सगळे तसंच घेतात. आणि हा आकडाच सगळ्यात कमी कामाचा आहे हे कळायला मला एक अख्खा डोंगर लागला.

ल्युमेनच्या बाजूला तास लिहिलेले असतात ना, माझ्या खोक्यावर "४०० ल्युमेन – ३ तास" असं आहे. वाचून वाटतं की तीन तास ४०० मिळणार. तसं नसतं. टॉर्चसाठी एफएल१ नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्यात उजेड मोजतात दिवा लावल्यावर पहिल्या अर्ध्या ते दोन मिनिटांत, आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड घसरून मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ४०० चा दिवा ४० वर आला तरी हिशोबात तो अजून "चालू" आहे. माझा हाय मोडवर सात-आठ मिनिटांत गरम होतो आणि स्वतःहून निम्म्याला येतो, न विचारता. घरी अंधाऱ्या खोलीत घड्याळ लावून बघितलं तेव्हा चिडचिड झाली होती, पण खोटं कोणी बोललेलं नाही, बारीक अक्षरात एफएल१ लिहिलेलं आहे, आपण वाचत नाही. अंतराचंही तसंच, "९० मीटर" म्हणजे ९० मीटरवर पडणारा उजेड पाव लक्स, साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका. ९० मीटरवरचा दगड चांदण्यात जसा दिसेल तसा. कडा कुठे संपतो ते ठरवायला तो पुरत नाही.

आता तो दिवस.

शरदातली एकट्याची एका दिवसाची चढाई म्हटली की मुख्य प्रश्न उजेडाचाच असतो, थंडीचा नंतर. उन्हाळ्यात उशीर झाला तर उशीर होतो, शरदात उशीर झाला की अंधार होतो. विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळ्यात वेगाने लहान होतात, ४५ अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर रोज जवळजवळ तीन मिनिटं, म्हणजे महिन्याभरात दीड तास गेला. मागच्या महिन्यात एखाद्याने जी वाट "आरामात दिवसाउजेडी होते" म्हणून सांगितली, ती या महिन्यात होत नाही, वाट तीच असली तरी. मी नेस्मिथचा नियम धरून हिशोब केला होता, हा १८९२ सालचा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा अंदाज आहे, सपाटीला ताशी पाच किलोमीटर आणि वर दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. १६ किलोमीटरला सव्वातीन तास, १७०० मीटरला पावणेतीन-तीन, झाले सहा. त्यात थांबणं, घसारा, वाट शोधणं, एकटीने कातळावर दहादा विचार करून पाय टाकणं धरून साडेसात. साडेचारला निघाले तर बाराला माथा. बारा वाजता जिथे असेन तिथून परत, असं ताईला लिहून दिलं होतं, सोबत वाटेचा नकाशा आणि रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं ते.

पहाटेचा भाग झाडीतला. इथे दिव्याला पूर्ण मार्क. ५० च्या पायरीवर वाट, मुळं, ओली पानं सगळं स्वच्छ दिसत होतं. १५० करून बघितलं तर ओल्या पानांवरून एवढी चकाकी यायची की सगळंच पांढरं, खोली कळेना. मग परत ५०. उजेडाची रुंदी छान आहे, मध्ये भगभगीत ठिपका आणि बाजूला काळोख असं होत नाही, पायापासून सात-आठ मीटर एकसारखं. पट्टा घामाने ओला झाल्यावरही घसरला नाही. एकदा उजवीकडे झाडीत दोन हिरवट ठिपके दिसले आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. प्राण्यांच्या डोळ्यांत मागे एक आरशासारखा थर असतो तो उजेड परत फेकतो, आणि दिवा आपल्या डोळ्यांच्या अगदी वरच असल्यामुळे तो बरोबर आपल्यालाच दिसतो, हे सगळं मला माहीत आहे. त्या क्षणी त्या माहितीचा काडीचा उपयोग झाला नाही. ठिपके वळले, विझले, पाचोळा वाजला, झालं. एकटं असलं की अशा वेळी मोठ्याने बोलायची सवय लागते, मी "जा बाबा जा" म्हटलं, ते ऐकायलाही कोणी नव्हतं.

लाल दिव्याबद्दल थोडं, कारण सगळे त्याचं फार कौतुक करतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड क्षणात ती घालवतो, लाल मंद असेल तर बरीच टिकते, हे खरं. पण मी लाल दिव्यात कागदी नकाशा उघडला तर उंचीच्या तपकिरी रेषा गायब! लाल उजेडात लाल-तपकिरी छपाई कागदात मिसळून जाते, नद्या आणि अक्षरं दिसतात, चढ-उतार दिसत नाही, म्हणजे डोंगरात जे बघायला नकाशा उघडतो नेमकं तेच नाही. त्याच्यापेक्षा ६ ल्युमेनची पायरी बरी. ती मला आधी चेष्टेची वाटायची, सहा ल्युमेन काय चाटायचेत, आता तीच सगळ्यात लाडकी.

सहा-वीसला दिवा काढला, बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाकला आणि विसरले. आणि इथेच या प्रॉडक्टशी माझं भांडण सुरू होतं.

याचं बटण मोठं आहे, हातमोज्यात दाबता यावं म्हणून. चांगली गोष्ट. पण जे बोटाला सहज दाबता येतं ते बॅगेतल्या थर्मासलाही सहज दाबता येतं. त्यासाठी लॉक दिलंय, चार सेकंद दाबून धरायचं. तीन सेकंद धरलं तर लाल दिवा, पाच धरलं तर स्ट्रोब, बरोबर चारला लॉक, आणि लॉक झालं की नाही ते सांगायला एक बारीक झपका, तोही उन्हात दिसत नाही. मी सकाळी लॉक केलं होतं अशी माझी समजूत होती.

माथ्याला पोचले बारा पन्नासला. हो, बारा म्हणाले होते. शेवटचा घसारा एक पाऊल वर दोन पावलं खाली असा, आणि समोर माथा दिसत असताना घड्याळाकडे न बघण्याची जी कला असते ती माझ्यात भरपूर आहे. वर वारा, आकाश कोरं, एक माणूस नाही, एक आवाज नाही, बाजूच्या रांगांवर गवत तांबूस झालेलं आणि उत्तरेच्या अंगाला सावलीत पहिलं पांढरं. खाली सात अंश होतं, वर उणे चार, उंचीला दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात ते अगदी हिशोबात बसलं. जाकीट काढायला बॅग उघडली तर आतून उजेड. वरचा कप्पा देव्हाऱ्यासारखा उजळलेला, दिवा हाय मोडवर, हात लावला तर गरम, आणि बॅटरीचा इंडिकेटर हिरव्याचा नारिंगी होऊन झपकत असलेला. कधीपासून चालू होता कोण जाणे.

चूक माझी आहे, अर्धी. तपासलं नाही. पण अर्धी डिझाइनची. ज्या वस्तूवर माणूस अंधारात एकटा अवलंबून असणार तिचं कुलूप लागलंय की नाही हे हाताला कळायला हवं. माझ्या जुन्या दिव्याला सेलचं झाकण अर्धा आटा सैल केलं की वीजच तुटायची, गावठी पण पक्कं काम. आतल्या बॅटरीच्या दिव्यात तेही करता येत नाही, आणि संपली तर दुसरी टाकताही येत नाही. पॉवरबँक आहे म्हणाल तर होती, पण लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करू नये, आत धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते. वापरायला चालते, भरायला नाही. थंडीत वापरतानाही ती लवकर दमते, मात्र ऊब मिळाली की दमलेलं बरंचसं परत येतं. म्हणून मी दिवा आतल्या कपड्याच्या खिशात, अंगाला चिकटवून ठेवला आणि एक दहाला उतरायला लागले. तास-दीड तासाने बघितलं तर नारिंगीच होता पण झपकायचा थांबला होता. थंडीत कोणताही चार्जिंगचा दिवा वापरत असाल तर हे कराच, फुकट आहे.

उतार सांगत बसत नाही. एक रॉक पॅच तोंड कातळाकडे करून उतरले, वेळ गेला. सूर्यास्त साडेपाचचा होता पण पश्चिमेची धार उंच, ऊन सव्वाचारलाच गेलं, हे घरी बसून कळत नाही. पावणेसहाला खिंडीत पोचले तेव्हा आकाशात उजेड होता आणि खिंडीत ढग बसलेला.

धुक्यात हेडलॅम्प म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. डोक्यावरचा दिवा लावला की तोंडासमोर दोन मीटरवर दुधाची भिंत. मी मूर्खासारखं ४०० केलं, भिंत अजून जवळ आली. कारण सोपं आहे, दिवा डोळ्यांना चिकटून, धुक्यातला प्रत्येक थेंब उजेड सरळ डोळ्यात परत फेकतो. आणि समोरून पडणाऱ्या उजेडात सावल्याही दगडाच्या मागे लपतात, त्यामुळे खड्डा, उंचवटा, दगड सगळं एकसारखं चपटं. दिवा डोक्यावरून काढून हातात घेतला, ५० वर आणला आणि गुडघ्याजवळ धरला. चित्रच बदललं. धुकं वर राहिलं, जमिनीवर आडवा उजेड पडला, प्रत्येक खड्याला लांब सावली आली. वाटेच्या खुणेसाठी लगोरीसारखे रचलेले दगड जे डोक्यावरच्या दिव्याने पाच पावलांवर दिसत नव्हते ते आता पंधरा पावलांवरून काळे उभे दिसायला लागले.

तरी चुकले. दोन लगोरींच्या मध्ये एक जनावरांची वाट फुटते, मळलेली, खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेली, आणि दिव्याच्या उजेडात सगळ्या वाटा सारख्याच प्रामाणिक दिसतात. आठ-दहा मिनिटं गेले तिच्यावरून. मग पायाखालून एक दगड सुटला, गडगडला, थांबला असं वाटलं, आणि बऱ्याच वेळाने खालून कुठूनतरी टक्क झालं. घळ होती पुढे. मी तिथेच खाली बसले, दिवा ६ वर केला, काही खाल्लं. घाबरले होते, लपवण्यासारखं काही नाही. मग उठून, दिवा अगदी जमिनीला टेकवून, स्वतःच्याच बुटांचे मुरुमात उठलेले ठसे बघत बघत उलटी आले. आडव्या उजेडात टाचेची नक्षीसुद्धा दिसत होती. शेवटच्या लगोरीला हात लावला तेव्हा सहा-चाळीस. त्यानंतर नियम केला, पुढची लगोरी दिसल्याशिवाय हातातली सोडायची नाही.

या सगळ्यात ५० च्या पायरीने दगा दिला नाही हे लिहायलाच हवं. अर्धी बॅटरी बॅगेत जळून गेलेली, बाहेर शून्याच्या आसपास, तरी झाडी लागेपर्यंत उजेड तसूभर कमी झाला नाही. उजेड हळूहळू मरत जाण्याऐवजी एकसारखा ठेवणारं सर्किट आहे आत, ते चांगलंय. फक्त त्याचा तोटा असा की संपतो तेव्हा एकदम संपतो. सात-वीसला तीनदा झपकला आणि थेट ६ वर गेला. सहा ल्युमेनवर मी चाळीस मिनिटं झाडीतली पानांनी झाकलेली वाट उतरले, हळू, पण उतरले. मग तोही विझला.

बाकीची अर्ध्या तासाची वाट दुसऱ्या दिव्यावर. हो, दुसरा होता. बोटाएवढा, एका ट्रिपल-ए सेलचा, सेल लिथियमचा (हा चार्ज न होणारा वेगळा प्रकार, उणे ४० पर्यंत चालतो, साधा अल्कलाइन थंडीत फार लवकर मान टाकतो). एकट्याने जाताना दोन दिवे ही चैन नाही, कारण दिवा बिघडला तर तो दुरुस्त करायलाही उजेड लागतो.

स्ट्रोबचं राहिलं. खोक्यावर त्याला "इमर्जन्सी सिग्नल" म्हटलंय. नुसतं भकभक करणं म्हणजे डोंगरातला संकेत नव्हे. ठरलेला संकेत आहे मिनिटाला सहा वेळा उजेड किंवा आवाज, मग एक मिनिट शांत, मग परत सहा, आणि उत्तर मिनिटाला तीन वेळा. अल्पाइन क्लब या ब्रिटिश गिर्यारोहकांच्या संस्थेच्या क्लिंटन डेंटने १८९४ मध्ये हे सुचवलं, अजून तेच चालतं. दिव्याला हात आडवा लावूनही करता येतं, वेगळा मोड नकोच. आणि मी ज्या दिशेला होते तिथे रात्री तो बघणार कोण? दिवसभरात मला एकही माणूस दिसला नव्हता. त्यामुळे या फीचरला मी मार्क देत नाही, कापतही नाही. त्या कामाला ताईकडचा कागदच.

साडेआठला खाली, रेंज आली आठ-पस्तीसला. ताईने पहिल्याच रिंगला उचलला आणि म्हणाली, "बारा म्हणाली होतीस माथ्याला." मी म्हटलं पोचले खाली. ती म्हणाली "ते ऐकू येतंय मला. बारा म्हणाली होतीस."

लहानसहान तक्रारी अजून दोन. दिवा खाली-वर करायचं बिजागर थंडीत सैल होतं आणि उतारावर पावलागणिक दिवा मान खाली घालत जातो, चेहरा वर करून चालायला लागलं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण आठ महिन्यांतच अर्धं सुटलंय, म्हणजे आयपीएक्स४ चं आता मी काही बोलू नये.

पाचात साडेतीन. उजेडाची जात, ५० आणि ६ च्या पायऱ्या, वजन, पट्टा, हे सगळं उत्तम. बटण आणि लॉक नापास. बदलून मात्र घेणार नाही, आता सवय झाली. बटणाभोवती जाड फोमची रिंग चिकटवली आहे, दिसायला भिकार, पण बॅगेत दाबलं जात नाही, आणि निघण्याआधी लॉक केल्यावर मुद्दाम बटण दाबून बघते.

परवा ताईलाच एक घ्यायचा होता, तिने विचारलं कुठला घेऊ. मी माझा तिच्या हातात दिला आणि म्हटलं आधी लॉक करून दाखव. दहा मिनिटं प्रयत्न केला तिने. चार वेळा स्ट्रोब लागला.